कचरा खाणारा ससा

महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांच्या बागेत एक ससा उभा असतो. फायबरग्लासचा, पांढरा रंग दिलेला, कान गुलाबी आणि तोंड 'आ' वासलेले. कुठे सशाच्या जागी पेंग्विन असतो, कुठे बेडूक, कुठे कांगारू, तर कुठे विदूषक. पोटावर बहुधा इंग्रजीत दोनच शब्द रंगवलेले असतात : 'यूज मी'. ही बागेतली कचरापेटी.

ती मुलांसाठी केलेली आहे हे उघड आहे. मोठ्या माणसांसाठी कोणी पेटीला कान लावले नसते. मुलांसाठीचे पुस्तक आले की आपण त्याचे परीक्षण लिहितो, बालनाट्य आले की त्यावर चर्चा करतो. हा ससाही सार्वजनिक पैशातून विकत घेतलेला आहे, तो मुलांसमोर रोज उभा असतो, आणि त्यांना काहीतरी शिकवू पाहतो. तेव्हा त्याचेही परीक्षण व्हायला हरकत नाही.

माझे लक्ष त्याच्याकडे गेले ते एका सहलीत. आमच्या शाळेतली चौथीची मुले बागेत डबे खाऊन उठली होती. एक मुलगा चिवड्याची रिकामी पुडी घेऊन सशाकडे गेला. सशाच्या तोंडाला आतून झडप होती. पुडी आत जायची तर बोटांनी झडप ढकलायला हवी. झडपेवर कोणाचे तरी आइस्क्रीम ओघळून वाळले होते आणि माश्या बसल्या होत्या. मुलाने बोट लावले, झटक्याने मागे घेतले, सशाच्या कानाला पुसले आणि पुडी सशाच्या पायाशी ठेवून तो खेळायला पळाला. पायाशी आधीच सातआठ पुड्या पडलेल्या होत्या.

मी त्याला हाक मारणार होते, पण थांबले. कचरा कुठे टाकायचा हे त्याला ठाऊक होते. कोणी न सांगता तो पेटीपर्यंत चालत गेला होता. परिसर अभ्यासाच्या पेपरात त्याला या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले असते. शेवटच्या वीतभर अंतरात जे घडले ते सशामुळे घडले, आणि बोलणी मात्र त्या मुलाला बसणार होती.

पुढच्या वेळी मी बागेत जाताना शिंप्याकडची टेप नेली. तोंडाची खालची कड जमिनीपासून ९२ सेंमी भरली. पहिलीतल्या मुलाची उंची साधारण ११० ते ११५ सेंमी असते आणि खांदा उंचीच्या चारपंचमांश भागावर, म्हणजे ९० सेंमीच्या आसपास येतो. याचा अर्थ सहा वर्षांच्या मुलाला हात खांद्याच्या रेषेपर्यंत उचलून, ओठावरून वाकवून, आतल्या अंधारात घालावा लागतो. त्याचे डोळे कडेच्या जेमतेम वर येतात. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. न दिसणाऱ्या भोकात हात घालू नये हे शहाणपण त्याला आपणच शिकवलेले असते, आणि विंचवाकाट्याच्या मुलखात ते बरोबरही आहे. पाचवीतल्या मुलाचा हात मात्र आरामात पोचतो. पण पाचवीतला मुलगा मित्रांच्या देखत सशाच्या तोंडाशी जायला लाजतो. ज्यांना ससा आवडतो त्यांना तो उंच पडतो, आणि ज्यांच्या उंचीचा आहे त्यांना तो बाळबोध वाटतो! रेखाटन करणाऱ्याने मुलांचे डोळे तेवढे विचारात घेतले, हात घेतले नाहीत.

'यूज मी' बद्दल फार लिहीत नाही. ज्या वयाच्या मुलासाठी ससा उभा केला त्या वयाला ते वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते त्याला पेटी कशासाठी असते हे सांगावे लागत नाही.

याहून खोल दोष त्या प्राण्याच्या तोंडात आहे. आपण वर्गात सांगतो की प्लॅस्टिकच्या पिशव्या गाईच्या पोटात जातात, त्या पचत नाहीत, बाहेरही पडत नाहीत, पोटात गोळा होतात आणि गाय मरते. हे खोटे भय नाही. गुरांच्या दवाखान्यात अशी पोटे फाडून गोळे काढल्याची उदाहरणे आहेत. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिक पिशव्यांवर जी अधिसूचना काढली तिच्या मागच्या कारणांत जनावरांचे हे मरण होतेच. आणि हेच मूल संध्याकाळी बागेत गेले की आपण त्याला सांगतो, घाल वेफर्सची पुडी सशाच्या तोंडात. मोठ्यांना यातली विसंगती टोचत नाही, कारण आपल्याला ससा दिसतच नाही, पेटी दिसते. चार वर्षांच्या मुलाला ससा दिसतो. त्याच्या लेखी ते भरवणेच आहे. पेंग्विनची तर आणखी गंमत. भायखळ्याच्या राणीच्या बागेत हम्बोल्ट जातीचे जिवंत पेंग्विन आले २०१६ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावोगावच्या मुलांची पेंग्विनशी पहिली ओळख कचरापेटी म्हणूनच झालेली आहे.

सशाच्या पाठीमागे गेलात तर एक छोटे दार दिसेल. त्याची कडी गंजलेली असते, किंवा दारच निघून गेलेले असते. आत सुटा डबा असावा अशी योजना असते, पण बऱ्याच ठिकाणी तो पहिल्या वर्षातच नाहीसा होतो. मग सफाई कामगार पोकळ पोटात हात घालून, उरलेले काठीने उकरून कचरा बाहेर काढतो. त्यात फुटकी बाटली असते, कोणाचे उष्टे असते, पावसाळ्यात सडके पाणी असते. कामगारांना हातमोजे, बूट, मास्क द्यावेत असे २०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिले होते. पण हातमोजा घातलेला हातसुद्धा सशाच्या पोटाच्या कोपऱ्यात नीट फिरत नाही. सशाला कान लावताना हे काम कोण आणि कसे करणार याचा विचार झालेला नाही. जी पेटी रिकामी करणे त्रासाचे, ती रोज रिकामी होत नाही. जी रोज रिकामी होत नाही ती दुपारी भरते, आणि भरलेल्या तोंडात मूल काही घालत नाही. सफाई कामगाराची सोय आणि मुलाची सवय या दोन गोष्टी अशा एकमेकींत अडकलेल्या आहेत.

मग मुलांना आवडेल अशी पेटी करूच नये की काय? तसे मला म्हणायचे नाही. नेदरलँड्समध्ये कात्सहूवेल या गावाजवळ एफ्टेलिंग नावाची परीकथांची बाग आहे. तिचे परीकथांचे वन १९५२ साली सुरू झाले. आन्तोन पीक या चित्रकाराने तिथली चित्रे कल्पिली आणि पीटर रेइन्डर्स या तंत्रात रमणाऱ्या माणसाने ती हलती-बोलती केली. १९५९ साली तिथे 'होल्ले बोल्ले खेइस' आला. हा डच बडबडगीतातला खादाड. किती खाल्ले तरी त्याची भूक भागत नाही. बागेत तो तोंड उघडून बसतो आणि सारखा म्हणत असतो, "पापीर हीर", म्हणजे "कागद इकडे". मुलाने तोंडाशी कागद नेला की आतला पंखा हवा ओढतो, कागद हातातून सुर्रकन निसटतो, आणि खेइस म्हणतो, "आभारी आहे." आजही त्या बागेत असे अनेक खेइस आहेत.

वरवर पाहता हाही आपल्या सशासारखाच, तोंड वासलेला. पण फरक पहा. खेइस माणूस आहे, आणि तोही गोष्टीतला, काहीही गिळणारा. त्याला कागद भरवण्यात कोणत्याच धड्याशी विरोध येत नाही. त्याला झडप नाही. हात कशालाही लागत नाही, कागद तोंडाशी नेला की पुरे. तो 'कचरा' म्हणत नाही, 'कागद' म्हणतो, आणि हवेच्या झोतालाही कागदच सहज ओढता येतो. म्हणजे जे यंत्राला जमते तेच तो मागतो. आणि सर्वांत मोठे म्हणजे तो उत्तर देतो. मुलाने काहीतरी केले आणि त्या क्षणी जगात काहीतरी घडले! घरातली बटणे दहादा चालू-बंद करणारे मूल याच सुखासाठी ते करत असते. आपल्या सशाच्या तोंडात पुडी टाकली की काय घडते? काहीच नाही. ती अंधारात नाहीशी होते.

असे उत्तर मिळाले की मोठी माणसेही वश होतात. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर, तिथले प्रेक्षक घालतात तशा टोपीच्या आकाराची पेटी ठेवली होती. झाकण ढकलले की टोपी वर उचलली जाई आणि खाली 'धन्यवाद' हा शब्द दिसे. साध्या पेटीपेक्षा हिच्यात दुपटीहून जास्त कचरा जमला.

इथे मात्र विज्ञानाच्या शिक्षकाने सावध व्हायला हवे, कारण 'जास्त कचरा जमला' हे वाक्य ऐकायला सोपे आणि तपासायला अवघड आहे. २००९ साली फोक्सवॅगन या मोटार कंपनीच्या जाहिरात-मोहिमेत स्टॉकहोममधल्या एका बागेत एक पेटी ठेवली गेली. तिच्यात काही टाकले की खोल विहिरीत दगड पडावा तसा लांबलचक शिट्टीसारखा आवाज येई आणि शेवटी 'धप्प'. लोक चकित होऊन आत डोकावत, मग आसपासचे कागद वेचून आणून टाकत. एका दिवसात ७२ किलो कचरा जमला आणि जवळच्या साध्या पेटीपेक्षा तो ४१ किलो अधिक होता, असे त्या जाहिरातीत म्हटले आहे. ही फिल्म जगभर गाजली.

आठवी-नववीच्या वर्गाला हे आकडे देऊन विचारा की यावरून बाग किती स्वच्छ झाली? चांगला वर्ग असेल तर दहा मिनिटांत फळा प्रश्नांनी भरेल. हे ४१ किलो आले कुठून? जमिनीवरून उचललेले असतील, तर उत्तम. पण शेजारच्या पेटीत एरवी जे गेले असते तेच इकडे वळले असेल, तर बागेला काय लाभ? आवाज ऐकण्यासाठी कोणी चांगला कागद फाडून टाकला असेल, तर तोटाच. शिवाय एकच दिवस! नव्या खेळण्याचे नवल तिसऱ्या आठवड्यात किती उरते? आणि वजन हे माप तरी योग्य आहे का? आपल्याकडे एका शहाळ्याचे वजन दीडदोन किलो भरते, तर बिस्किटाच्या वेष्टनाचे तीनचार ग्रॅम. पेटीत कोणी एक शहाळे टाकले की चारपाचशे वेष्टनांची बरोबरी होते, आणि वेष्टने मात्र गवतात तशीच. पेटी चांगली की वाईट हे पेटीच्या आतल्या कचऱ्यावरून कळत नाही. ते बाहेर काय उरले यावरून कळते. हे माप कंटाळवाणे आहे, त्यात वाकून मोजावे लागते, म्हणून जाहिरातीत ते येत नाही.

असे वाकून मोजणारेही झाले आहेत. अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे, शनिवारी मुलांचे खेळ लागत अशा दोन चित्रपटगृहांत १९७१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग केला गेला. मुले निघून गेल्यावर पेट्यांतला आणि खुर्च्यांखालचा असा दोन्ही कचरा गोळा करून तोलला. पेटीत आलेला भाग एकूण कचऱ्याच्या पाचव्या हिश्श्यालाही भरत नव्हता. मग एकेक उपाय करून पाहिला. पेट्या दुप्पट केल्या तरी काही फरक पडला नाही. कचरा करू नये असे सांगणारे व्यंगपट दाखवले, तेव्हाही जेमतेम फरक. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात एकेक पिशवी दिली, तर प्रमाण तिसऱ्या हिश्श्याजवळ गेले. पिशवी देऊन मध्यंतरात तिचे काय करायचे ते सांगितले, तर निम्म्याच्या वर. आणि भरलेली पिशवी आणून देणाऱ्याला दहा सेंटचे नाणे किंवा पुढच्या खेळाचे तिकीट दिले, तर नव्वद टक्क्यांच्याही वर!

बक्षिसाचा आकडा पाहून भुलू नका. बक्षीस बंद झाल्यावर काय, हा प्रश्न आहेच. शिवाय पिशवी भरण्याचे बक्षीस ठेवले की घरून कचरा आणणारा एखादा हुशार विद्यार्थी निघणारच. मला त्या प्रयोगातला सर्वांत बोलका आकडा वाटतो तो दुप्पट पेट्यांचा. कारण दुसरीकडे असे दिसते की पेटीचे अंतर महत्त्वाचे असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या १३० सार्वजनिक जागी लोक हातातल्या वस्तू कुठे टाकतात ते पाहिले होते. सुमारे १७ टक्के वेळा त्या पेटीत न जाता इतस्ततः पडल्या, आणि पेटी जितकी लांब तितके हे प्रमाण वाढत गेले. आधीच घाण असलेल्या जागीही ते जास्त होते. मग चित्रपटगृहात पेट्या वाढवूनही उपयोग का होऊ नये?

माझे उत्तर असे. चित्रपटगृहात कागद हातातून सुटतो तो खुर्चीवर, अंधारात, पडद्याकडे डोळे असताना. दाराशी एक पेटी असो की चार, त्या खुर्चीपासून सारख्याच लांब. अंतर मोजायचे ते वस्तू रिकामी होते तिथपासून पेटीपर्यंतचे. पिशवी उपयोगी पडली कारण तिने हे अंतर शून्यावर आणले.

हे एकदा ध्यानात आले की आपल्या शाळेभोवतालचा रस्ता वेगळाच दिसू लागतो. फाटकासमोरच्या दुकानात मुले काय घेतात ते पहा. लिमलेटची गोळी घेतली की तिचा कागद दुकानाच्या पायरीवरच सुटतो, कारण गोळी खायची तर आधी कागदच काढावा लागतो. पेप्सीची, म्हणजे बर्फाच्या रंगीत कांडीची, नळी घेतली की तिचा कोपरा दातांनी तोडून तिथेच 'थू' केला जातो, आणि रिकामी नळी मात्र पाचसात मिनिटे हातात राहते. कुरकुऱ्यांची पुडी मित्रांत वाटून खाल्ली तर पन्नास पावलांत संपते, एकट्याने खाल्ली तर घराच्या वळणापर्यंत पुरते. प्रत्येक खाऊची अशी पावलांची लांबी असते. आमच्या सातवीच्या मुलांनी दुकानापासून दर दहा पावलांवर खडूने रेघा मारल्या आणि प्रत्येक पट्ट्यात काय पडले आहे ते आठवडाभर रोज वहीत लिहिले. आलेख काढला तेव्हा एकाच रस्त्यावर दोन उंचवटे दिसले : एक थेट दुकानासमोर, गोळ्यांचे कागद आणि नळ्यांचे कोपरे, दुसरा पुढे पुलाच्या कठड्यापाशी, पुड्या आणि नळ्या. रस्त्यावरची सार्वजनिक पेटी होती ती या दोहोंच्या बरोबर मध्ये, विजेच्या खांबाला, जिथे कोणाचेच काही संपत नव्हते. खांब तिथे होता म्हणून पेटी तिथे होती, एवढेच.

ती पेटीही सांगण्यासारखी आहे. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर ओला आणि सुका कचरा वेगळा टाकण्यासाठी हिरव्या-निळ्या डब्यांच्या जोड्या ठिकठिकाणी आल्या. दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये डबा आडव्या कण्यावर टांगलेला, म्हणजे तो उलटा करून सहज रिकामा करता येतो. कामगाराच्या दृष्टीने सशाच्या कितीतरी पुढे, आणि मी त्याला तेवढे गुण देते. पण कण्यावर फिरणारी वस्तू मुलाला दिसली की तो ती फिरवणारच. ज्याला हे ठाऊक नाही त्याने मुलांसाठी काही करू नये. डबे गरागरा फिरले, खिट्ट्या तुटल्या, बऱ्याच जागी आता नुसती चौकट उभी आहे. एक अडसर आणि डब्याच्या खालच्या भागात थोडे वजन असते, तर हे टळले असते.

मला आवडलेली एक पेटी सांगायची तर ती दिसायला अगदी ओबडधोबड आहे. १९९५ साली पॅरिसमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर तिथल्या बंद पेट्या काढून लोखंडी कड्यांना आरपार दिसणाऱ्या पिशव्या लावण्यात आल्या. हेतू होता आत काही लपवता येऊ नये. पण नकळत एक चांगली गोष्ट झाली. टाकलेली वस्तू कुठे गेली ते दिसते, झडप नाही, भोकात हात घालायचा नाही, आणि पिशवी भरली की शंभर फुटांवरूनही कळते.

यावरून आमच्या मुलांनी पुलाच्या कठड्याला जुन्या सायकलची रिम आडवी बांधली, जमिनीपासून ७० सेंमीवर, आणि तिला कांद्याची जाळीदार गोणी अडकवली. पावसाचे पाणी निथळून जाते. गोणी काढायला दोन आकडे सोडवावे लागतात, आणि ते कसे असावेत हे त्या रस्त्यावर झाडणाऱ्या मावशींना विचारून ठरवले. त्यांनी मुलांची पहिली गाठ नापास केली होती. दुसरी रिम दुकानाच्या पायरीशी लावली. खडूच्या रेघांवरची मोजणी चालू आहे. पुलापाशी जमिनीवर पडणाऱ्या पुड्या बऱ्याच कमी झाल्या आहेत, पण गोणी नवी असल्याचे नवल त्यात किती, हे दिवाळीच्या सुट्टीनंतर कळेल. दुकानापाशी मात्र अडचण कायम आहे. नळीचा तो नखाएवढा कोपरा जाळीतून गळून खाली पडतो. गोणीच्या तळाला जुन्या बनियनचा तुकडा शिवावा असे एका मुलीने सुचवले आहे, आणि दुकानदारानेच कोपरा कात्रीने अर्धवट कापून, नळीलाच लटकता ठेवून द्यावा असे दुसरीने.